डोळ्यांवरचा हात

व्याख्यान केव्हा संपलं ते उल्हासरावांना कळलं नाही. ते ऐकत होते असं नाही आणि झोपले होते असंही नाही. भिंत व्यापून बसलेल्या त्या टीव्हीकडे तोंड करून ते नुसते बसले होते, हल्ली ते कुठेही बसत तसे. मग पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत प्रश्न आला, की तुम्ही अजून पाहताय ना? हा प्रश्न रोज दुपारी येई आणि रोज उल्हासराव थोडे ओशाळत, मागच्या बाकावर डुलकी लागलेल्या पोराचं मास्तरांनी नाव घ्यावं तसे. त्यांनी रिमोट उचलला, हवं ते बटण सोडून भलतंच दाबलं, आणि छोट्या छोट्या चौकोनी चित्रांची रांग पडद्यावर सरकत आली. एक कीर्तन. एक गुडघेदुखीवरचा उपाय. एका दिवंगत समीक्षकाची मुलाखत. आणि तिच्या शेजारी एक धुरकट, करडं चित्र. फेटा बांधलेला माणूस आणि त्याच्यामागे विहीर. खाली लिहिलं होतं, ‘मळ्याची राखण, संपूर्ण चित्रपट’. उल्हासरावांचा रिमोट धरलेला हात तसाच राहिला. छातीत काही हललं म्हणावं, तर तसं काही हललं नाही. फक्त तळहाताला घाम आला आणि एअरकॉनच्या वाऱ्यात तो लगेच गारही झाला.

हा सिनेमा त्यांनी एकदाच पाहिला होता आणि तोही पुरता पाहिला नव्हता. ते नऊ-दहा वर्षांचे असतील. कऱ्हाडला थंडीत नदीकडच्या मैदानात तंबूतला सिनेमा येई, आणि एका संध्याकाळी वडील, ज्यांना ते तात्या म्हणत, काही न बोलता त्यांचा हात धरून तिकडे घेऊन गेले. तात्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. सिनेमा-नाटकाच्या वाटेला ते कधी गेले नव्हते आणि पुढेही गेले नाहीत. तंबूत खाली जमिनीवर बसायचं. तात्यांनी मांडी घातली, उल्हासला पुढ्यात घेतलं. बाहेर जनरेटर धडधडत होता, आत विड्यांचा धूर. मध्यंतरानंतर कधीतरी पडद्यावर विहीर आली, रहाट कुरकुरू लागला, आणि एकाएकी मागून तात्यांचा हात आला आणि उल्हासच्या डोळ्यांवर घट्ट बसला. रुंद, खरखरीत हात. शाई काढायला ते रॉकेल वापरत, त्याचा वास. त्या हाताखालच्या अंधारात रहाट कुरकुरत राहिला, पाणी ओतल्याचा आवाज आला, एक बारीक आवाज काहीतरी बोलला, आणि सगळा तंबू गप्प झाला. शर्टाचं एक बटण गालाला टोचत होतं. हात निघाला तेव्हा पडद्यावर कोर्ट होतं, काळ्या कोटातली माणसं तावातावाने बोलत होती. घरी जाताना उल्हासने विचारलं नाही आणि तात्यांनी सांगितलं नाही. विहिरीत कुणीतरी गेलं असणार, एवढं त्या मुलाने आपल्यापुरतं ठरवलं. बाई असणार. पुढे कित्येक वर्षं तो कुठल्याही विहिरीत डोकावत नसे.

मोठेपणी त्यांनी तो सिनेमा शोधला होता. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलेला माणूस, शोधण्याची सवयच. जुनी सिनेमासिकं चाळली, एक-दोन जाणकारांना भीत भीत पत्रं लिहिली. त्या सिनेमात गाजलेलं गाणं नव्हतं, नाव घ्यावं असं कुणी नव्हतं. एकाने उलट टपाली कळवलं, की त्याची प्रत कुठे शिल्लक असेलसं वाटत नाही. ते वाचून उल्हासरावांना खरं तर बरं वाटलं होतं. हरवलेल्या पुस्तकाचा एक मान असतो. ते सापडलं, हातात आलं, की मग त्याचीही शंभरातली सत्तर पानं साधारणच निघतात. आता ते करडं चित्र त्यांच्यासमोर उभं होतं आणि एक बटण दाबलं की सुरू होणार होतं. हल्ली सगळंच सुरू होतं. काही झाकलेलं राहत नाही.

दार वाजलं आणि आर्या, त्यांची नात, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये आत आली, बूट भिरकावले, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि फ्रीज उघडून उभी राहिली. “आजोबा, लंच केलं?” तिने फ्रीजमध्ये बघूनच विचारलं. “हो,” ते म्हणाले. मग आठवलं, की प्रणिताने, सुनेने, डब्यात ठेवलेला वरण-भात अजून मायक्रोवेव्हमध्येच आहे. आर्यालाही तो दिसला. “खोटं! हिअर ओन्ली. मी मम्माला सांगू?” “नको.” “ओके, बट यू ओ मी बबल टी.” तिने डबा त्यांच्या हातात दिला, चमचा आणला, आणि टीव्हीकडे बघून नाक मुरडलं. “हे काय? सो ओल्ड.” “त्याला कसं कळलं?” उल्हासरावांनी विचारलं. “कुणाला?” “या टीव्हीला. मी या सिनेमाचं नाव कधी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आजीलासुद्धा नाही.” “अल्गोरिदम लाह, आजोबा. तुम्ही ओल्ड ओल्ड बघता, सो इट गिव्हज यू मोअर ओल्ड. तुमच्याविषयी त्याला काय माहीत असणार?” ती त्यांच्याकडे बघत राहिली. “लावू?” “नको.” “व्हाय? स्केअरी आहे?” “असेल,” ते म्हणाले. ती हसली. मग तिला ट्यूशनची आठवण झाली, आणि थोड्या वेळाने कपडे बदलून, कानात ते पांढरे बोळे घालून ती गेली. दार लागलं. खिडकीच्या काचेपलीकडे एमआरटी, इथली मेट्रो, आवाज न करता बुओना व्हिस्टा स्टेशनकडे सरकत गेली. या घरातून सगळंच आवाज न करता जाताना दिसे.

सकाळी याच दाराशी विक्रांत, त्यांचा मुलगा, बुटाची नाडी बांधत होता. “बाबा, आज संध्याकाळी तिकिटं काढतोय. तुमचं काढू का नको?” “बघू,” ते म्हणाले होते. “बघू नाही. पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध आहे. मामा येणारेत, मावशी येणारेत. सगळे विचारतायत. मी काय सांगू? बाबा बघतायत?” आतून प्रणिता म्हणाली, “अरे, सकाळी सकाळी नको ना.” विक्रांत उठला. त्याने आवाज चढवला नाही. सत्तेचाळीस वर्षांचा मोठ्या पगाराचा माणूस, तिकडे ऑफिसात त्याच्या हाताखाली चाळीस जण, त्याने हलक्या आवाजात, रेंज आहे का असं विचारावं तसं विचारलं, “बाबा, तुम्हाला खरंच काही वाटत नाही का?” आणि उत्तराची वाट न बघता लिफ्टचं बटण दाबलं. उल्हासरावांना तो प्रश्न लागला नाही. लागायला हवा होता. ते दिवसभर त्याच्याभोवती फिरले, पायाखाली खडा येतो का ते अनवाणी चालून बघावं तसे, आणि खडा कुठे आलाच नाही. मेधा, त्यांची बायको, गेली तेव्हाही असंच. पुण्याच्या त्या विद्युतदाहिनीत विक्रांत भिंतीला डोकं टेकून हुंदके देत होता, मेव्हणे रडत होते, आणि उल्हासराव भिंतीवरचा फलक वाचत होते. नागरिकांसाठी सूचना. पासबाबत. अस्थी घेऊन जाण्याच्या वेळा. शेवटपर्यंत वाचून त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला, आणि मान वळवली तेव्हा विक्रांत त्यांच्याकडे बघत होता. ती नजर त्यानंतर घरात राहिली. तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. त्या नजरेखालीच उल्हासरावांना जेवायला वाढलं गेलं, त्यांच्यासाठी व्हिजिट पासचा अर्ज झाला, त्यांना इकडे परदेशात मुलाच्या घरी आणलं गेलं. पुण्याला जायचं म्हणजे आता पुन्हा पाटावर बसायचं, सगळ्यांच्या देखत, कोरड्या डोळ्यांनी. भटजी मेधाचं नाव घेणार, मेव्हणी पदर तोंडाला लावणार, आणि सगळे एकदा त्यांच्याकडे बघून घेणार. ते त्यांना झेपणार नव्हतं. दुःख झेपण्या न झेपण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न ते नसल्याचा होता.

याला त्यांच्याकडे एक उत्तर होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्याच्या आधाराने ते वर्षभर उभे होते. आपण तात्यांवर गेलो. उल्हासच्या पाठची बहीण, नंदा, चार वर्षांची असताना तापाने गेली. त्या सिनेमाच्या आदल्या पावसाळ्यात. तात्या तिसऱ्या दिवशी छापखान्यात गेले. डबा घेऊन, टोपी घालून, रोजच्या वेळेला. घरात त्यांनी त्या पोरीचं नाव पुन्हा काढलं नाही. उल्हासरावांची आई पुढे पुष्कळ वर्षं जगली आणि शेवटपर्यंत नवऱ्याला दगड म्हणत राहिली, आधी रागाने, मग सवयीने, तात्या गेल्यावर थोडं कौतुकानेसुद्धा. “आमचा दगड होता म्हणून घर उभं राहिलं,” असं ती नातसुनांना सांगे. तेव्हा रक्तातच असतं. काहींच्या रक्तात साखर असते, आमच्यात हे. त्यात लाज कसली? तात्या एवढे मायाळू नव्हतेच, तरी सिनेमातलं भयंकर काही मुलाने बघू नये म्हणून त्यांनी हात आडवा धरला होता, आणि तेवढ्या एका गोष्टीवर उल्हासरावांनी आयुष्यभर गुजराण केली. दगडाला एकदा हात फुटला होता. तो माझ्यासाठी. यापलीकडे त्यांना काही नको होतं, आणि म्हणूनच बटण दाबायचं त्यांच्या जिवावर येत होतं. त्या विहिरीत जे काही असेल ते तितकं भयंकर नसलं तर?

त्यांनी वरण-भात संपवला. डबा धुतला, पुसला, पालथा घातला. मग येऊन बटण दाबलं.

सिनेमा वाईट होता. हे त्यांना पहिल्या काही मिनिटांतच कळलं आणि बरंही वाटलं. भाऊबंदकी, बळकावलेला मळा, विधुर नायक रात्रंदिवस बांधावर बसून राखण करतो. पावडर लावलेला खलनायक. आवाज मागे, ओठ पुढे. कोपऱ्यात कुणाच्या तरी चॅनेलचा लाल शिक्का सतत चिकटलेला, आणि दर थोड्या वेळाने मधेच एका बँकेच्या ॲपची जाहिरात, तिच्यात चिनी तरुण-तरुणी विनाकारण नाचत होती. उल्हासरावांना त्यातलं काहीच ओळखीचं वाटत नव्हतं. तंबूतल्या त्या पोराने हे सगळं डोळे विस्फारून पाहिलं असेल, पण तो पोर आता इथे नव्हता. मग फेटेवाला माणूस विहिरीपाशी गेला. रहाट दिसला. पडदा एकदम निळा झाला आणि बँकेची मुलं नाचायला लागली. उल्हासरावांचं बोट त्या ‘स्किप’च्या चौकोनावर थांबलं, पण त्यांनी तो दाबला नाही. पूर्ण जाहिरात पाहिली. व्याजाचा दर वाचला.

रहाट कुरकुरला. तो आवाज मात्र तोच होता; इतक्या वर्षांनी, इतक्या समुद्रांपलीकडे, या गारठलेल्या खोलीत तोच. माणूस बादली वर ओढत होता. बांधावरून एक मुलगी आली, चारेक वर्षांची, डोक्यावर केसांची शेंडी बांधलेली, गुडघ्यापर्यंत चिखलात बरबटलेली. ती शेळीबद्दल काहीतरी सांगत होती. शेळीने तिची भाकरी खाल्ली होती. माणसाने तिला दगडावर बसवलं, तिच्या पायांवर पाणी ओतलं, हाताने चिखल चोळून काढला. मग फेट्याचं टोक सोडवून तिचे पाय पुसले, एकेक बोट वेगळं करून, बोटांच्या मधे. ती बोलतच होती. तो काही बोलत नव्हता. मग कोर्ट आलं.

उल्हासरावांनी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. कुणी विहिरीत गेलं नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, मारलं नव्हतं. एका माणसाने एका पोरीचे पाय धुतले होते. यात नऊ वर्षांच्या मुलाने बघू नये असं काय होतं? त्यांना एक क्षण वाटलं, की या प्रतीत काहीतरी कापलेलं असणार. तिसऱ्यांदा पाहिलं. जोडकाम कुठे दिसलं नाही. मग ते टीव्हीकडे बघायचं सोडून बाजूच्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहिले, आणि त्यांना ते बटण आठवलं. शर्टाचं बटण. गालाला टोचत होतं. ते नेहमीच आठवायचं, रॉकेलच्या वासाबरोबर, पण त्याचा अर्थ त्यांनी कधी लावला नव्हता. पुढ्यात बसून पडद्याकडे बघणाऱ्या मुलाच्या गालाला मागच्या माणसाच्या शर्टाचं बटण टोचत नाही. त्यासाठी मान वळलेली लागते. आपण वळलो होतो. पडद्यावरची ती मुलगी बघून आपण तात्यांकडे वळलो होतो, काहीतरी सांगायला, बहुतेक हेच, की तात्या, ही आपल्या नंदासारखी. आणि हात तेव्हा आला. हात पडद्याच्या आड आलाच नव्हता. तो तात्यांच्या चेहऱ्याच्या आड आला होता. त्या हाताखाली आपण बसलो होतो आणि मागची छाती हलत होती. आपल्याला वाटलं, खोकताहेत. तात्यांना खोकला असायचा.

का असंही नसेल. उल्हासरावांनी स्वतःला लगेच आवरलं. त्यांना कुठलीही गोष्ट फार पटली की तिचा संशय येई. धूर असेल. विड्यांच्या धुराने तात्यांचे डोळे चुरचुरले असतील. बटण आपण आज जोडलं असेल, वयाने माणूस आठवणींना असे टाके घालतो. मान वळली होती की नव्हती याला आता कुणी साक्षीदार नाही. पण हे सगळं म्हणत असताना त्यांना कळत होतं, की पायाखालची फळी सरकली आहे. तात्या दगड नव्हते. म्हणजे रक्तात काही नाही. साठ-पासष्ट वर्षं जपलेला तो हात त्यांच्यासाठी नव्हताच, आणि मेधा गेल्यापासून ज्याला ते टेकून उभे होते तो दगडही नव्हता. मग हे जे आपल्या आत आहे, हे कुणाचं? हे आपण कुठून आणलं? वडील रडले होते हे कळल्यावर माणसाला रडू येत असेल, असं वाटून त्यांनी थोडी वाटही पाहिली. डोळे कोरडे होते. एअरकॉनने जळजळत होते, इतकंच.

विक्रांत आला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. “प्रणिताला नोव्हेनाहून यायला उशीर होणारे. आपण खाली हॉकरमधून काहीतरी खायला आणू,” तो बूट काढता काढता म्हणाला. मग त्याने टीव्ही पाहिला. “काय बघताय?” “बस जरा,” उल्हासराव म्हणाले. विक्रांत चपापला. असं ते त्याला कधी म्हणाले होते ते त्यालाही आठवलं नसावं. तो बसला, मोबाइल हातातच. उल्हासरावांनी सिनेमा मागे नेला, जास्तच मागे गेला, पुढे आणला. “कोण हा हिरो?” “माहीत नाही. तात्यांनी मला नेलं होतं या सिनेमाला.” “तात्या म्हणजे आजी ज्यांना दगड म्हणायची ते?” विक्रांत हसला. “ते आणि सिनेमा?” “बघ,” ते म्हणाले.

रहाट कुरकुरायला लागला आणि या वेळी उल्हासरावांनी पडद्याकडे पाहिलं नाही. ते मुलाकडे बघत होते. विक्रांतच्या चेहऱ्यावर त्या जुन्या चित्राचा करडा उजेड हलत होता. आधी तो म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला बसावं तसा बघत होता, अंगठा मोबाइलवर. मग अंगठा थांबला. मग हनुवटी थरथरल्यासारखी झाली, आणि त्याने तोंड बाजूला फिरवलं, चार्जर शोधतोय असं दाखवत. खोलीत वाचण्यासारखं पुष्कळ होतं. रिमोटवरची अक्षरं, आर्याच्या पुस्तकांची नावं, एअरकॉनवरचा आकडा. उल्हासरावांनी नजर हलवली नाही. “आई असे पुसायची,” विक्रांत भिंतीकडे बघून म्हणाला. “टिळक तलावावरून पोहून आलो की. बोटांच्या मधे. ओलं राहिलं की चिखल्या होतात म्हणायची.” “हो,” उल्हासराव म्हणाले. त्यांना ते ठाऊक होतं; ते शेजारी खुर्चीवर पेपर वाचत असत. विक्रांतने बाहीने नाक पुसलं. लहानपणी पुसायचा तसंच.

“माझं तिकीट काढ,” उल्हासराव म्हणाले.

विक्रांतने वळून पाहिलं.

“पण मला रडू येणार नाही, विक्रांत. मी आज दिवसभर बघतोय. नाही येत. तिकडे सगळे असतील. त्यांना वाटेल... तुलाही वाटेल.”

“वाटलंय मला,” विक्रांत म्हणाला. “वर्षभर वाटतंय.”

“मग?”

“मग काय? नका रडू. रडायला आम्ही आहोत. तुम्ही येऊन बसा नुसते.” त्याने मोबाइलवर काहीतरी उघडलं, डोळे बारीक करून वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला. सिनेमात कोर्टातली माणसं ओरडत होती. उल्हासरावांनी आवाज बंद केला. “आइल सीट का विंडो?”

“कुठलीही.”

“कुठलीही असं बटण नाहीये यात, बाबा.”

उल्हासरावांनी विचार केला. त्यांना खरोखरच विचार करावा लागला. “तू कुठे बसणारेस?” त्यांनी विचारलं. विक्रांतने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. विमानाचा तो लांबुळका आराखडा, त्यात छोट्या खुर्च्यांचे चौकोन, काही भरलेले, काही रिकामे. उल्हासरावांना चष्म्याशिवाय त्यातलं काही दिसत नव्हतं. विक्रांतने त्यांचं बोट धरलं आणि आपल्या शेजारच्या एका चौकोनावर टेकवलं.